बाराव्या रांगेची वही

मी वही बोलतेय. चर्चच्या कपाटात बसलेली जाडजूड, चामड्याच्या पाठीची नोंदवही नव्हे; ती माझी थोरली जाऊ म्हणा हवं तर. मी कबरी खणणाऱ्याच्या कोटाच्या खिशातली वही. त्या थोरलीच्या पोटात माणसाचं नाव आणि दफनाची तारीख असते. तो माणूस नेमका कुठे पुरलाय, हे माझ्या पोटात असतं. आता तुम्हीच सांगा, पाहुण्याला घर शोधायचं असेल तर त्याने नाव विचारावं की पत्ता?

माझा जन्म एका बाइंडरच्या दुकानात झाला. कागद साधेच, रेघाही हाताने मारलेल्या. पण वरून काळं मेणकापड चढवलेलं आणि बाजूला पेन्सिल अडकवायला कापडी फासा. मेणकापड गिऱ्हाइकाने मुद्दाम सांगून घालून घेतलं होतं. "माझं सगळं काम उघड्यावर," तो बाइंडरला म्हणाला, "आणि माणसं काही ऊन बघून मरत नाहीत."

हा माझा पहिला धनी. त्याच्या गळ्यात शिंप्यासारखी कापडी टेप कायम लोंबत असायची, म्हणून सगळे त्याला टेपकाका म्हणत. रस्त्यात समोरून आला की लोक हळूच पलीकडच्या बाजूने जात, कारण तो माणसाला आधी डोक्यापासून पायापर्यंत बघायचा आणि मग हसायचा. सवयच ती, त्याला काय करणार?

माणूस मात्र कामाला वाघ. त्याने माझ्या पानांवर पाच रकाने आखले: रांग, जागा, नाव, तारीख, शेरा. पेन्सिलीनेच लिहायचा, शाई पावसात फुटते. आणि शेऱ्यात काय लिहायचा, तर दफनाला कोण आलं होतं, कुठे उभं होतं, काय म्हणालं. त्याच्या बायकोने एकदा विचारलं, "हे कशाला? तू काय पंचनामा करतोस?" तेव्हा तो म्हणाला, "वीस वर्षांनी कुणी येऊन विचारतं, माझी आजी कुठाय. तेव्हा मान खाली घालायची पाळी येऊ नये. मेलेल्याचा पत्ता तेवढा बदललेला असतो, तो कुणीतरी लिहून ठेवायला हवा."

तर असे आमचे दिवस चालले होते. मग मोठ्या तापाचं वर्ष आलं.

ताप आठवड्याभरात सगळ्या गावात पसरला. नदीकाठचं धान्याचं गोदाम रिकामं करून त्यात आजारी माणसं ठेवली. लोक त्याला तापाची कोठी म्हणत. आत गेलेला परत येईलच असं नव्हतं. चर्चचे फादर स्वतः आडवे झाले आणि त्यांचा कारकून गाव सोडून पळाला. थोरली जाऊबाई कपाटात कुलूपबंद पडून राहिली. एकोणीस दिवस तिच्यात एक अक्षर पडलं नाही.

त्या एकोणीस दिवसांत टेपकाकाने एकेचाळीस कबरी खणल्या, सगळ्या बाराव्या रांगेत. दफनभूमीचं फाटक बंद असायचं. आत फक्त तो आणि प्रेतं आणणारे गाडीवाले दोघं. नातेवाईक फाटकाबाहेर उभे राहायचे, सळयांना धरून. टेपकाका हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून फाटकाच्या आतल्या बाजूला यायचा आणि विचारायचा, "कोण तुमचं? नाव सांगा, लिहून घेतो." त्याचं अक्षर त्या पानांवर थकलेलं आहे, काही ठिकाणी ओळ घसरलीय, पण रकाना एकही रिकामा नाही.

ताप ओसरला. फादर वाचले, पण पार खंगले. त्या एकोणीस दिवसांचं काय, हे कुणी विचारलं नाही. जिवंत राहिलेल्यांना आपापल्या घरातली भांडी सावरायची होती. बाराव्या रांगेवर लाकडी क्रूस लावले होते, ते दहा-बारा वर्षांत वाळवीने खाल्ले. दगड कुणी बसवलेच नाहीत.

पुढे टेपकाका म्हातारा झाला आणि गेला. विसाव्या रांगेतली त्याची नोंद माझ्यात त्याच्या जावयाने केली. शेऱ्यात लिहिलं, "सासरे. गर्दी बरीच." जावई माणूस वाईट नव्हता, पण लिहिण्याचा त्याला कंटाळा. लवकरच ऑफिसातून छापील फॉर्म आले आणि माझं काम संपलं. शेडमधल्या टेबलाचा एक पाय आखूड होता. जावयाने मला उचललं, जाडी बघितली, दोन फडकी गुंडाळली आणि पायाखाली सरकवलं. टेबल एकदम सरळ. तो खूश झाला.

पन्नासहून अधिक वर्षं मी त्या टेबलाचा भार वाहिला. रंगाचे डबे, गवत कापायची कात्री, जेवणाचे डबे, राखणदारांची कोपरं. तक्रार करत नाही. दबून राहिल्याने पानं सपाट राहिली आणि फडक्यांमुळे ओल लागली नाही, हेही खरं.

मग एके दिवशी शेडच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली.

पन्नाशीची, अंगाने दणकट, पायात जाड तळाचे बूट. हातात बादली आणि मऊ केसांचा ब्रश. ही शहरात बस चालवायची, पंचवीस वर्षं झाली होती. म्हणून मी तिला ड्रायव्हरबाई म्हणते. शेडमध्ये तेव्हा दुखऱ्या गुडघ्याचा राखणदार चहा करत होता.

"दादा, पाणी कुठे मिळेल?" तिने विचारलं. "दगड धुवायचेत. शेवाळ चढलंय, अक्षरं लागत नाहीत."

"कोणता दगड?"

"माहीत नाही. म्हणून सगळे."

राखणदाराने तिच्याकडे नीट बघितलं. मग नळ दाखवला आणि म्हणाला, "सगळे म्हणजे अकराशे आहेत, ताई."

"मंगळवारी सुट्टी असते मला," ती म्हणाली. "होतील."

ती खरंच दर मंगळवारी येऊ लागली. तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून दुपारी शेडमध्ये टेबलाशी बसून डबा खायला लागली आणि राखणदार तिला चहा द्यायला लागला. मी पायाखालीच होते, त्यामुळे तिची हकिगत मला अगदी जवळून ऐकायला मिळाली. ती अशी.

तिची आई चौऱ्याऐंशी वर्षांची. बेकरीत पावाचे ट्रे उचलण्यात आयुष्य गेलं तिचं. बाई कडक, डोळ्यांत कधी पाणी नाही. घरातून कोणी चार दिवसांसाठी बाहेरगावी निघालं तर दारापर्यंत यायची नाही. आतूनच म्हणायची, "जा. जाणारे जातातच." मुलांना वाटायचं, स्वभाव असेल. आणि एक दिवस मायलेकी स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या असताना ती मान वर न करता म्हणाली, "मी चार वर्षांची होते. टाकून गेली मला आई. माझ्यात असं काय वाईट होतं गं?"

"एवढंच बोलली," ड्रायव्हरबाई राखणदाराला म्हणाली. "आणि परत मटार सोलायला लागली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, दादा. ऐंशी वर्षं हा प्रश्न पोटात घेऊन बसलीय. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. म्हटलं, गेली तर कुठे गेली, याचा छडा लावायचाच."

तिच्या भावाला हे पटलं नव्हतं. तो म्हणाला होता, "गाडलेली मढी कशाला उकरतेस?"

"मग मी त्याला म्हटलं, गाडलंय कुठे तेवढं कळू दे, उकरायचं नंतर बघू."

आईला वाढवलं तिच्या आत्याने, दुसऱ्या गावात. वडील तिला आत्याकडे ठेवून गेले, वर्षातून दोनदा यायचे, गप्प बसायचे आणि निघून जायचे. आत्या सांगायची, "तुझी आई तुला टाकून गेली. विषय संपला." त्यापुढे विचारायची सोय नव्हती. आईला स्वतःच्या आईचं लाडाचं नाव तेवढं माहीत होतं, आणि ती शिवणकाम करायची एवढं.

ड्रायव्हरबाईने आईच्या बाप्तिस्म्यापासून सुरुवात केली. एकामागून एक चार चर्चच्या वह्या चाळल्या. ऑफिसातल्या लोकांना वाटायचं, ही इस्टेटीच्या भानगडीतली असणार. चौथ्या चर्चमध्ये, म्हणजे आमच्याच, बाप्तिस्म्याची नोंद सापडली. तिच्यात आईबापांची नावं. त्यावरून तिथल्याच लग्नांच्या वहीत पाच वर्षं मागे जाऊन त्यांच्या लग्नाची नोंद काढली, आणि तिथे आजीचं माहेरचं आडनाव मिळालं. मग ती वडिलांचा माग काढत दुसऱ्या गावी गेली. आई पाच-सहा वर्षांची असताना त्यांनी दुसरं लग्न केलं होतं. त्या लग्नाच्या नोंदीत वराच्या नावापुढे एक शब्द होता.

"विधुर," ड्रायव्हरबाई म्हणाली. "मी तो तीनदा वाचला. बायको पळून गेली असती तर फादरनी विधुर लिहिलं असतं का? लग्नच लावलं नसतं. म्हणजे ती मेली होती, दादा. टाकून-बिकून गेली नव्हती."

"मग इथल्या दफनांच्या नोंदीत असेल की."

"तिथेच तर घोडं पेंड खातंय."

आमच्या चर्चच्या ऑफिसात एक बाई बसायची. सगळ्या फायली तिच्या ताब्यात, म्हणून तिचं नाव फाईलबाई. तिने थोरल्या जाऊबाईला कपाटातून काढून समोर ठेवलं होतं. त्या वर्षाच्या पानांवर नवऱ्याचं आडनाव शोधलं, माहेरचं शोधलं, नाही. आणि मध्येच एकोणीस दिवस कोरे.

"नोंद नाही, म्हणजे इथे दफन नाही," फाईलबाई म्हणाली.

"बाई, वेळापत्रकात नसलेली बस मी स्वतः कितीदा चालवलीय," ड्रायव्हरबाई म्हणाली. "कागदावर नव्हती, पण रस्त्यावर होती."

फाईलबाईने वही मिटली. ऑफिसची वेळ संपली होती.

म्हणून मग दगड. सोळा मंगळवार तिने दगड घासले. उन्हाने मान भाजली, गुडघे सुजले. एका वहीत ती नावं उतरवत गेली. सातशे झाले, नऊशे झाले. राखणदार आधी बघत बसायचा, मग त्यानेही एक ब्रश आणला. अकराशे संपले तेव्हा ते दोघं शेडमध्ये येऊन बसले.

"नाही सापडली," राखणदार म्हणाला. "काय करणार, ताई? आणि ती मधली मोकळी पट्टी आहे ना, तिथे आता पाण्याची टाकी बांधणारेत. पुढच्या आठवड्यात खोदाई सुरू. ठेकेदार चुन्याची फक्की मारून गेलाय."

ती उठून दाराशी गेली आणि बाहेर बघत राहिली.

"अकरावी रांग, मग मोकळी पट्टी, मग तेरावी," ती म्हणाली. "पट्टी बरोबर एका रांगेएवढी आहे. दादा, रांगा कोणी आखल्या?"

"फार जुनी गोष्ट. टेपकाका म्हणून होता कोणी."

"मी रोज चाळीस फुटांची गाडी वळवते. सरळ रेघ काय असते ते मला कळतं. एवढ्या रांगा कोणी डोक्यात ठेवून आखत नाही. याने कुठेतरी लिहून ठेवलं असणार. ते कुठाय?"

खरं सांगते, माझ्या आयुष्यात माझी चौकशी कुणी केली ती त्या दिवशीच. ती टेबलाशी परत आली तेव्हा मी तिच्या बुटापासून वीतभर अंतरावर होते.

त्या दिवशी त्यांनी शेड पालथी घातली. फळ्या, डबे, खोकी, छपराखालची पोती. टेबलाखाली मात्र कुणी वाकून पाहिलं नाही. संध्याकाळी राखणदाराला आठवलं की टेपकाकाचा जावई अजून हयात आहे, नव्वदीचा, लेकीकडे राहतो. ड्रायव्हरबाईने पुढच्या मंगळवारची वाट पाहिली नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा न कळवता रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राखणदाराला घेऊन तिकडे गेली. तिथे काय झालं ते राखणदाराने पुढे इतक्यांदा सांगितलंय की मला तोंडपाठ आहे.

म्हातारा खिडकीशी बसला होता. ड्रायव्हरबाईने त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो ऐकत होता आणि अस्वस्थ होत होता.

"काळं मेणकापड?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत, बाबा? तुम्ही सांगा."

"पेन्सिलीला फासा होता. सासऱ्यांची ती." तो राखणदाराकडे वळला. "अरे, ते टेबल आहे का अजून? चौकोनी, जाड पायांचं?"

"आहे की. त्यावरच तर चहा पितो."

म्हातारा खाली बघत म्हणाला, "डगमगतं का?"

"नाही. अगदी पक्कं आहे."

"मग आहे ती तिथेच," म्हातारा म्हणाला. "मीच घातली. मागच्या उजव्या पायाखाली. मला आता लाज वाटते सांगायला."

"लाज कसली, बाबा," ड्रायव्हरबाई म्हणाली. ती निघायला उठून उभीसुद्धा राहिली होती. "रद्दीत दिली असती तर मी काय केलं असतं?"

दुपारी त्यांनी टेबल तिरकं केलं आणि मला बाहेर काढलं. फडकी सुटली. इतक्या वर्षांनी उजेड लागला, तोही आधी तिच्या हाताच्या सावलीतून. माझी शिवण आवळून बसली होती. तिने घाई केली नाही. गाडीच्या चाव्यांना लावलेला छोटा टॉर्च पानावर तिरका धरून ती एकेक ओळ वाचत गेली. रांग दहा. रांग अकरा. मग रांग बारा, आणि तिचं बोट थांबलं.

आजीचं माहेरचंच आडनाव होतं. पण तिने लगेच मान हलवली नाही. आधी पुढचं मोठ्याने वाचलं. टेपकाकाची नोंद, नाव तेवढं वगळून, मी जशीच्या तशी सांगते.

"रांग १२, जागा ९. शिवणकाम करणारी. कोठीत बहिणीची शुश्रूषा करायला गेली होती, तिसऱ्या दिवशी स्वतः पडली. बहीण जागा ८. नाव बहिणीने मरण्याआधी गाडीवाल्याला सांगितलं. नवरा नंतर आला, फाटकाबाहेर, कडेवर मुलगी, चारेक वर्षांची. आत सोडता आलं नाही. मुलगी विचारत होती, आई कुठे. नवरा म्हणाला, गेली."

राखणदाराने ते ऐकलं आणि खाली बसला. ड्रायव्हरबाई तशीच उभी होती.

"गेली," ती म्हणाली. "बरोबरच बोलले की ते. आपण असंच म्हणतो." टॉर्च विझवून पुन्हा म्हणाली, "चार वर्षांच्या मुलीला काय कळणार? तिला वाटलं असेल, बाजारात गेली. आज येईल, उद्या येईल."

बाकीचं तिने जुळवलं. बहिणीच्या शुश्रूषेला जाऊ नको म्हणून नवऱ्याने बजावलं असणार, ती गेली. तो रागात स्वतःच्या बहिणीजवळ, म्हणजे आत्याजवळ, बोलला असणार की मुलीला इथे टाकून तिकडे मरायला गेली. आत्याने त्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग गाळला. गाळलेलं कुणी परत जोडलंच नाही. हा अर्थात तिचा अंदाज. माझ्यात जेवढं लिहिलंय तेवढीच मी साक्ष देऊ शकते.

त्या संध्याकाळी ती माझ्या पानाचा फोटो घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी परत आली ती तोंड पाडून.

"आई म्हणते, लोक काहीही लिहितात. फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, आता माझ्या डोक्याला ताप देऊ नकोस."

"मग?" राखणदाराने विचारलं.

"मग काय? मंगळवारी घेऊनच येते. ती हट्टी असेल, तर मी तिचीच मुलगी आहे."

मंगळवारी सकाळी राखणदाराने मला स्वच्छ कापडात गुंडाळून फाटकाशी नेलं. तिघं आले. ड्रायव्हरबाई, तिच्या हाताला धरून म्हातारी, आणि मागून घडीची खुर्ची काखेत मारून तो भाऊ. "मी फक्त खुर्ची आणायला आलोय," त्याने राखणदाराला आधीच सांगून टाकलं.

म्हातारी फाटकाशी थांबली ती थांबलीच. तिने एका सळईवर हात ठेवला.

"हे फाटक मला माहितीये," ती म्हणाली.

"आई, तू इथे कधी आलेली नाहीस."

"सळया जाड होत्या. मधून माझा हात जायचा." ती हळूहळू बोलत होती, शिवण उसवावी तशी. "आत एक माणूस होता. तोंड बांधलेलं. गळ्यात टेप. मला वाटलं शिंपी आहे. आई शिवणकाम करायची ना, म्हटलं याच्याकडे कामाला गेली असेल. मी पुष्कळ दिवस त्या माणसावर रागावले होते."

ड्रायव्हरबाईने माझ्याकडे बघितलं. टेपेबद्दल माझ्यात एक अक्षर नाही. स्वतःच्या गळ्यात काय आहे हे टेपकाका कशाला लिहील? आणि त्याला टेपकाका का म्हणत, हे आईपुढे कुणीच बोललं नव्हतं.

मग तिने मला उघडून ती नोंद वाचली. आई ऐकत होती. शेवटच्या शब्दाला तिचा हात सळईवरून खाली आला.

"गेली म्हणाले," ती म्हणाली. "मी विचारायला हवं होतं. कुठे गेली, एवढं विचारायला हवं होतं."

"तू चार वर्षांची होतीस."

"हो. आणि मग चौऱ्याऐंशीची झाले."

 भावाने खुर्ची या काखेतून त्या काखेत घेतली.

"पण गेलीच ना ती," म्हातारी म्हणाली. "बहिणीसाठी. मला ठेवून."

"दोन दिवसांत परत यायचं म्हणून गेली असेल."

"असेल. पण ते वहीत नाही. वहीत नाही ते म्हणू नकोस." तिने फाटकाच्या आत नजर टाकली. मग म्हणाली, "माझ्या बहिणीला ताप आला असता तर मी घरी बसले असते का? नसते बसले. चल, दाखव कुठे ते."

राखणदाराने फाटक पूर्ण उघडलं. माझ्या पहिल्या पानावर मापं आहेत, त्यांप्रमाणे ते मोजत गेले: फाटकापासून भिंतीच्या कडेने शहाण्णव फूट, मग रांगेच्या टोकापासून छत्तीस फूट आत. राखणदाराने आणलेल्या टेपेचं एक टोक भावाने धरलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. छत्तीस फूट जिथे भरले तिथे गवतावर ठेकेदाराची पांढरी फक्की होती. टाकीचा कोपरा नेमका नवव्या जागेवर. पलीकडे चार मजूर फावडी घेऊन उभे होते.

"खुर्ची इथे मांड," म्हातारी मुलाला म्हणाली.

त्याने ती फक्कीच्या आत मांडली. म्हातारी बसली, पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले.

ठेकेदार लगबगीने आला. "आजी, इथे काम सुरू करायचंय."

"करा की. बाकीचं करा. इथे माझी आई आहे."

"इथे कुणी नाही आजी, ऑफिसातून लिहून दिलंय, मोकळी जागा आहे."

"तुमच्या ऑफिसाने ऐंशी वर्षं लिहिलं नाही, त्याला मी काय करू?" ती म्हणाली. "मला उशीर झालाय यायला. आता मी लवकर उठणार नाही."

ठेकेदाराने फाईलबाईला बोलावणं पाठवलं. ती आली ती थोरल्या जाऊबाईला दोन्ही हातांनी छातीशी धरून. ड्रायव्हरबाईने मला तिच्यासमोर उघडलं. फाईलबाई उभ्या उभ्या वाचायला लागली, मग गवतावरच बसली. एकीकडे कोरं पान, दुसरीकडे माझं भरलेलं. कोऱ्याच्या आदल्या दिवसापासून कोऱ्याच्या पुढच्या दिवसापर्यंत तारखा अशा जुळत गेल्या, की मध्ये बोट शिरायला जागा नव्हती. तिने एकेचाळीस नावं मोजली. परत मोजली.

"टाकी शेडच्या मागे न्या," ती ठेकेदाराला म्हणाली. "फादरशी मी बोलते." मग ड्रायव्हरबाईकडे न बघता म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, नोंद नाही म्हणजे दफन नाही. नियम तसाच शिकवलाय आम्हाला."

"तुमचं काही चुकलं नाही, बाई. बस वेगळ्या डेपोची होती."

फाईलबाई हसली. ती हसते हे ड्रायव्हरबाईलाही नवीन होतं.

म्हातारी दुपारपर्यंत तिथे बसून होती.  निघताना तिने आठव्या जागेकडे बोट करून विचारलं, "मावशी का ही?" आणि दोन्ही जागांवरचं उपटण्यासारखं गवत वाकून स्वतःच्या हाताने उपटलं. मुलाने कोपराला धरलं होतं.

पुढचे आठ दिवस फाईलबाईने कोऱ्या पानांवर एकेचाळीस नोंदी आपल्या सुबक अक्षरात उतरवल्या आणि खाली लिहिलं, "कबर खणणाऱ्याच्या वहीवरून." थोरल्या जाऊबाईच्या पानावर माझा उल्लेख. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता मी ऑफिसातल्या कपाटात आहे, तिच्याच शेजारी, कापडाच्या पिशवीत. टेबलाखाली विटेचा तुकडा घातलाय, असं ऐकते. माझी तब्येत मात्र तोळामासा. उजेडात उघडलं की पेन्सिल आणखी फिकी होते. काही पानांवर टॉर्च अगदी तिरका धरावा लागतो. ड्रायव्हरबाई अजून येते. तिचं काम खरं तर झालं. पण ती म्हणाली, माझ्या दोघी सापडल्या, उरलेल्या एकोणचाळीसांना कुणी शोधायचं? आतापर्यंत तिने सहा घरं शोधून काढलीत. दोन ठिकाणी दार लावून घेतलं, चार ठिकाणची माणसं येऊन गेली. एका घरचे आजोबा काठी टेकत आले होते. त्यांना इथे आपला धाकटा भाऊ आहे हे माहीतच नव्हतं.

तेव्हा तुम्हाला एक विनंती. तुमच्या घरात एखाद्या नावाशी बोलणं थांबत असेल, पुढे कुणी काही सांगत नसेल, तर रागावू नका आणि गप्पही बसू नका. विचारा. बाप्तिस्म्याची वही बघा, लग्नाची बघा, कोरं पान लागलं तर ते कोरं का आहे ते विचारा. कुणाच्या तरी खिशात माझ्यासारखी एखादी असेल.

आणि हे लिहून घ्या. रांग बारा, जागा तेहतीस. नावाच्या रकान्यात एवढंच: म्हातारा, घड्याळं दुरुस्त करणारा, डावा अंगठा तुटलेला. फाटकावर कोणी नव्हतं. शेऱ्यात टेपकाकाने लिहिलंय, "कोणी आलं तर सांगायचं, मी थांबलो होतो." याचं कोणी असेल तर या. माझी पेन्सिल वाचता येते तोवर या.